बाण लागलेल्या हरणाचा माग काढणारा ट्रान्समीटर: जीपीएस घालावा की नुसता बीकन (रेडिओची टिकटिक)?

सोल्डरवाला (पुणे)

मंडळी, अमेरिकेतल्या एका क्लायंटसाठी डिझाइन चाललंय. तिकडे धनुष्यबाणाने शिकार करणारे लोक व्हाइटटेल हरणाला बाण मारतात. हरीण जागेवर पडत नाही, झाडीत पळून जातं आणि मग रक्ताचा माग काढत हिंडावं लागतं. पाऊस आला की माग धुतला जातो. म्हणून बाणाबरोबर जाणारा आणि हरणाला चिकटून राहणारा ट्रान्समीटर हवा आहे.

मिळालेली माहिती अशी. कंपाउंड धनुष्य (टोकांना चाकं असलेलं), ओढायला ७० पौंडी. बाण ४०० ग्रेनचा, म्हणजे सुमारे २६ ग्रॅम. कार्बनची नळी, आतला व्यास ६.२ मिमी. वेग सेकंदाला ८० मीटरच्या आसपास. मागणी ८०० मीटर रेंज आणि २४ तास बॅटरी.

माझा आराखडा: नळीच्या आतच जीपीएस आणि ब्लूटूथ, वर ३ व्होल्टचा बीआर४२५ पिन सेल (४.२ मिमी जाड, २५ एमएएच म्हणजे मिलिअँपिअर-तास, अर्ध्या ग्रॅमच्या जरा वर). प्रश्न तीन. जीपीएस बसेल का? सेल पुरेल का? आणि आपटण्याचा धक्का नेमका किती धरायचा? क्लायंट ‘हाय शॉक’ एवढंच लिहून मोकळा झालाय.

घिसाडी

आराखडा बाजूला ठेवा. नळीच्या आत काहीच घालू नका, आणि त्याला दोन कारणं आहेत.

एक, चांगला बसलेला बाण हरणाच्या बरगड्यांतून आरपार जाऊन पलीकडे मातीत रुततो. तुमचं यंत्र बाणात असेल तर ते इमानेइतबारे बाण शोधून देईल, हरीण नाही. नॉकमध्ये, म्हणजे बाणाच्या शेपटाकडच्या खाचेत, बसणारे ब्लूटूथचे तुकडे याच कामाचे आहेत: हरवलेला बाण सापडतो. दोन, कार्बनची नळी वीज वाहते. तिच्या आत अँटेना म्हणजे डब्यात बंद केलेला रेडिओ.

तेव्हा यंत्र बाहेर, बाणाच्या टोकाच्या पात्याच्या लगेच मागे हवं आणि हुकाने कातडीत अडकून तिथेच बाणापासून सुटायला हवं. आता धक्क्याचा हिशोब. यंत्र ८० मीटरच्या वेगाने येतं आणि कातडीत दीड सेंटीमीटरात थांबतं असं धरा. वेगाचा वर्ग भागिले दुप्पट अंतर: ६४०० भागिले ०.०३, म्हणजे २,१३,००० मीटर प्रति सेकंद वर्ग. जवळजवळ २२,००० जी, म्हणजे गुरुत्वाच्या २२,००० पट. धनुष्यातून सुटताना मात्र सरासरी ६५० जी, कारण तिथे अर्धा मीटर लांबीचा ढकलण्याचा पल्ला मिळतो. म्हणजे सुटताना काही होत नाही, सगळा मार लागताना बसतो.

यातूनच वजनाची मर्यादा निघते. ५ ग्रॅमच्या यंत्रात त्या वेगाला १६ ज्यूल असतात. ते दीड सेंटीमीटरात जिरवायचे तर हुकावर हजारभर न्यूटन ओढ येते, म्हणजे शंभर किलोच्या वर. कातडी फाटून हुक निघून जातो. अडीच ग्रॅमवर ओढ निम्मी होते. तीही जास्तच आहे, म्हणून हुक आणि यंत्राची डबी यांच्यात ८ ते १० सेंमीचा डायनीमाचा (न ताणणाऱ्या मजबूत धाग्याचा) दोर घाला आणि तो दुमडून शिवा, म्हणजे झटका बसताच टाके एकेक करून उसवतील. थांबण्याचं अंतर दीड सेंमीवरून सहा-सात सेंमीवर गेलं की ओढ आणि जी दोन्ही चौपटीने उतरतात. गिर्यारोहकांच्या झटका खाणाऱ्या पट्ट्या याच तत्त्वावर चालतात.

डबी बाणावर गोल कडीसारखी बसवू नका, मागची पिसं तिच्यातून जाणार नाहीत. इंग्रजी सी अक्षरासारखी उघडी चिमटी करा आणि ती तंगुसाच्या (मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याच्या) एका फेऱ्याने बांधा. तो फेरा किती ताकदीचा हवा हेही काढता येतं. सुटताना अडीच ग्रॅमची डबी सरासरी १६ न्यूटनने मागे ओढली जाते, शिखराला ३० धरा. लागताना कातडी तिला त्याच दिशेला, मागेच, शेकडो न्यूटनने ढकलते. तर ३० ला टिकेल आणि पुढे तुटेल असा दोरा हवा. बारा पौंडी तंगूस साधारण ५३ न्यूटनला तुटतो. गाठीपाशी ताकद कमी होते आणि रिळावरचा आकडाही नेहमी खरा नसतो, म्हणून सामान मोजायच्या स्प्रिंगच्या काट्याला अडकवून वीस नमुने ओढून बघा. ४ ते ६ किलोत तुटले तर ठीक.

हुक तीन, १२० अंशांवर. एकच हुक एका बाजूला काढला तर बाण उडताना डगमगतो.

सोल्डरवाला

बावीस हजार जी! मी दोन हजार धरून बसलो होतो. बोर्डावर काय तग धरेल?

घिसाडी

बोर्ड बाणाच्या अक्षाला समांतर ठेवा. आडवा ठेवलात तर पापडासारखा वाकेल आणि सिरॅमिक कपॅसिटरना चिरा जातील. क्वार्ट्झ क्रिस्टल काढून टाका, आतली काच कोंदणातून सुटते. तिथे एमईएमएस ऑसिलेटर (सिलिकॉनमध्ये कोरलेले) घ्या. ते दहा हजार जीच्या वरचेही मिळतात, डेटाशीटमधला आकडा बघून निवडा. सेलला स्प्रिंगचा संपर्क देऊ नका. एका मिलिसेकंदासाठी स्प्रिंग उचलली गेली तरी प्रोसेसर रीसेट होतो, आणि टेबलावर तपासताना हा दोष कधीच दिसत नाही. पट्ट्या स्पॉट वेल्ड केलेलाच सेल घ्या.

सगळं जोडून झालं की आधी सिलिकॉनचा पातळ हात, मग इपॉक्सी. थेट कडक इपॉक्सी ओतली तर ती आक्रसताना कपॅसिटर ओढते. ओतायच्या आधी व्हॅक्यूममध्ये बुडबुडे काढा. सेलशेजारी बुडबुडा राहिला की धक्क्यात सेल त्या पोकळीत सरकतो आणि पट्टी तुटते.

लहरी

आता रेडिओ. जीपीएसबद्दल आधी सांगतो, म्हणजे तो विषय संपेल. जीपीएसला आकाश दिसावं लागतं. मेलेलं हरीण बहुतेक वेळा कुशीवर पडतं, आणि ते यंत्राच्याच कुशीवर पडायची शक्यता अर्धी. शिवाय रिसीव्हर थंड स्थितीतून जागा व्हायला मोकळ्या मैदानात अर्धा मिनिट घेतो आणि तेवढा वेळ वीसेक मिलिअँपिअर खातो. एवढं करून मिळालेला ठावठिकाणा पाठवायला रेडिओ लागतोच. मग तो रेडिओच बीकन म्हणून का वापरू नये? एअरटॅगची आयडिया क्लायंट काढेलच. तो ११ ग्रॅमचा आहे आणि जवळून कोणाचा तरी आयफोन गेल्याशिवाय मुका असतो. जंगलात आयफोन घेऊन हरणं फिरत नाहीत.

ब्लूटूथ नको, कारण मांस. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी स्नायूत दर सेंटीमीटरला साधारण २ डीबी (डेसिबल; दर १० डीबीला ताकद दहापट कमी) गमावतात, २.४ गिगाहर्ट्झला ४ डीबी. दहा सेंटीमीटर मांडीखाली यंत्र दबलं तर हिशोब २० विरुद्ध ४०.

आता फ्रिक्वेन्सीचा पट्टा. अमेरिकेत परवाना न लागणारे दोन सोयीचे आहेत: ४३३ च्या आसपास आणि ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ. झाडीचं नुकसान वाइसबर्गरच्या सूत्राने काढलं तर ४०० मीटर गर्द पानांतून ९१५ ला ४४ डीबी, ४३३ ला ३६. मोकळ्या हवेतला फरक धरून ४३३ एकूण १५ डीबीने सरस. म्हणून बरेच जण डोळे मिटून ४३३ घेतात. पण एफसीसीच्या (अमेरिकेच्या रेडिओ नियामकाच्या) नियमांच्या भाग १५ मध्ये ठरावीक अंतराने आपोआप बोलणाऱ्या यंत्राला, कलम २३१ ई, ४३३ ला ३ मीटरवर सुमारे ४,४०० मायक्रोव्होल्ट प्रति मीटर एवढंच क्षेत्र चालतं. म्हणजे उणे २२ डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेत इतके डीबी). कलम २४९ खाली ९१५ ला ५० मिलिव्होल्ट, म्हणजे उणे १ डीबीएम. २१ डीबीचा फरक. झाडीत कमावलेलं कायद्यात गेलं, वर सहा डीबी उधारी.

आणि कलम २४७ खाली, सिग्नलची रुंदी ५०० किलोहर्ट्झ असेल तर १ वॅटपर्यंत मुभा आहे. लोरा या लांब पल्ल्याच्या रेडिओ पद्धतीचा ५०० किलोहर्ट्झचा मोड त्यात बसतो. एसएक्स१२६१ चिप १४ डीबीएमला २५ मिलिअँपिअर घेते. पाव तरंगाची अँटेना ८.२ सेंमी, ४३३ ला १७ सेंमी. मी ९१५, लोरा, १४ डीबीएम घेईन.

पल्स_मोजणारा

लहरी, एक दुरुस्ती. कलम २३१ ची मर्यादा सरासरीची आहे आणि सरासरी १०० मिलिसेकंदांवर काढतात. १० मिलिसेकंदांचीच पल्स पाठवली तर शिखराला २० डीबी जास्त मिळतात. म्हणजे ४३३ ला उणे २ डीबीएम. २४९ मध्ये ही सवलत १ गिगाहर्ट्झच्या खाली नाही. तेव्हा उणे १ च्या ९१५ समोर ४३३ हरत नाही, चौदा डीबीने जिंकतो.

लहरी

बरोबर, ते माझ्याकडून राहिलं. २३१ ई विरुद्ध २४९ अशी तुलना केली तर तुमचं म्हणणं खरं. तरी दोन अडचणी उरतात. २३१ ई खाली प्रसारण १ सेकंदाच्या आत, मधली शांतता त्याच्या तीसपट आणि १० सेकंदांपेक्षा कमी नाही. म्हणजे यागी (एका दिशेला जास्त ऐकणारी काड्यांची अँटेना) फिरवत दिशा शोधताना दर दहा सेकंदांनी एक टिक. आठ दिशांना ऐंशी सेकंद, आणि प्रत्येक दिशेला एकच वाचन. दुसरी अडचण १७ सेंमीच्या तारेची. ती बाणाच्या नळीला चिकटून उडते, पिसांपर्यंत पोचते आणि हरीण काटेरी झुडपात शिरलं की उपटली जाते. २४७ चं लोरा घेतलं तर शोधाच्या वेळी दर दोन सेकंदांनी बोलता येतं.

आता सोल्डरवाल्यांचा सेल. क्षमता प्रश्नच नाही. एसएफ७ (लोराचा जलद वेग; एसएफ१२ सगळ्यात संथ), ५०० किलोहर्ट्झ, छोटं पॅकेट सुमारे १० मिलिसेकंद. २५ मिलिअँपिअर गुणिले १० मिलिसेकंद म्हणजे पाव मिलिकूलंब. दर दहा सेकंदांनी पाठवलं तरी २४ तासांत ८,६४० पॅकेटं, एक एमएएचसुद्धा जात नाही. गोची आहे ती झटक्यात २५ मिलिअँपिअर देण्याची. पिन सेल इतका प्रवाह देत नाही, व्होल्टेज बसतं आणि चिप रीसेट होते, थंडीत तर नक्कीच. ४७० मायक्रोफॅरड टँटलम कपॅसिटर लावला तर अर्धा व्होल्ट घसरणीत एक पॅकेट निघतं. सिरॅमिक लावायचा मोह टाळा, ३ व्होल्ट पडले की त्यांची क्षमता निम्म्यावर येते आणि धक्क्याला तडकतात ते वेगळंच.

पण एसएफ७ ची संवेदनशीलता, म्हणजे ऐकू येणारा सगळ्यात क्षीण सिग्नल, उणे ११७ डीबीएमच्या जवळपास आहे. ४०० मीटर गर्द पानं, १५ डीबी मांसाचे, ५ अँटेनाचे, यागीचे ७ परत मिळाले असं जोडलं तर हातात उणे १२७ येतं. ऐकू येणार नाही. एसएफ१२ उणे १२९ पर्यंत ऐकतं, पण एक पॅकेट दोनशे मिलिसेकंदांचं, ते कपॅसिटरच्या आवाक्याबाहेर. म्हणून पिन सेल सोडा आणि पिनच्याच आकाराचा रिचार्ज होणारा लिथियम आयन घ्या. सुमारे साडेतीन मिमी जाड, २० मिमी लांब, १३ एमएएच, ०.६ ग्रॅम असे मिळतात. दर दोन सेकंदांना एसएफ७ आणि दोन मिनिटांतून एकदा एसएफ१२. लांबून एसएफ१२ चं लांब पॅकेट पकडा, जवळ गेल्यावर एसएफ७ चं जलद. २४ तासांत चार एमएएचच्या आसपास जातील. झोपेतली गळती आणि थंडी धरूनही सेल अर्ध्याहून अधिक भरलेला राहतो.

आणि ८०० मीटर हा आकडा क्लायंटकडून खोडून घ्या. गर्द पानांत, हरणाखाली दबलेल्या यंत्राकडून तो मिळणार नाही. पानगळीनंतर, टेकाडावर चढून, कदाचित.

पानगळ (विस्कॉन्सिन)

वापरणाऱ्याच्या बाजूने थोडं. ८०० मीटरची गरजही क्वचितच पडते. दोन्ही फुप्फुसांत बाण गेलेलं हरीण साधारण शंभर-दीडशे यार्डांत पडतं. यंत्र कामाला येतं ते बाण पोटात किंवा यकृतात लागला तर. तेव्हा रक्त बाहेर कमी येतं आणि शहाणा शिकारी लगेच मागे जात नाही. यकृताला ४ ते ६ तास थांबतात, पोटाला ८ ते १२. हाकललं नाही तर हरीण जवळच बसतं. घाईने गेलं की उठून मैलभर जातं आणि मग कोणालाच मिळत नाही.

म्हणून ‘कुठे आहे’ याच्याइतकंच ‘हलतंय का’ हे कळायला हवं. पॅकेटमध्ये एक बिट त्यासाठी ठेवा. साधा ॲक्सेलरोमीटर दर काही सेकंदांनी जागवून गेल्या दहा मिनिटांत हालचाल झाली की नाही एवढंच पाठवा. वन्यजीव संशोधकांच्या रेडिओ कॉलरमध्ये ही सोय जुनी आहे: काही तास हालचाल नसेल तर टिकटिकीचा वेग बदलतो. फक्त एक सावधगिरी. डबी कातडीवरून पडून पाचोळ्यात गेली तरी बिट ‘स्थिर’च सांगेल. स्थिर म्हणजे मेलं असा अर्थ स्क्रीनवर लिहू नका.

आणि क्लायंटला कायद्याचं विचारा. बाणाला इलेक्ट्रॉनिक वस्तू लावावी की नाही हे प्रत्येक राज्याचं शिकार खातं ठरवतं आणि नियमपुस्तक दर वर्षी निघतं. धनुर्धारी शिकाऱ्यांच्या विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या पोप अँड यंग क्लबच्या नियमांत बाणावरचं इलेक्ट्रॉनिक यंत्र बसत नाही. पेटणाऱ्या नॉकला आणि चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्याला सूट आहे, माग दाखवणाऱ्या रेडिओला नाही. म्हणजे ज्याला शिंगांची नोंद करायची आहे तो गिऱ्हाईक गेला. विकायच्या राज्यांची यादी आधी, बोर्ड नंतर.

स्पर्धा कोणाशी आहे तेही सांगा त्याला. बऱ्याच राज्यांत लांब दोरीला बांधलेला माग काढणारा कुत्रा चालतो, आणि चांगला कुत्रा रक्ताचा थेंब नसतानाही जखमी हरणाच्या वासावर जातो. त्याला बॅटरी लागत नाही.

बाणाबद्दल: पुढे अडीच ग्रॅम म्हणजे जवळजवळ ३९ ग्रेन वाढले. पुढे वजन वाढलं की नळी सुटताना जास्त लवते, मऊ असल्यासारखी वागते. १२५ ग्रेनचं पातं असेल तर १०० चं लावा, २५ परत मिळाले. तरीही नेम खाली येतो, तेव्हा पाकिटात त्याच वजनाच्या आणि त्याच आकाराच्या दोन खोट्या डब्या सरावासाठी द्या. त्या नसतील तर लोक नव्या वजनाचा नेम थेट हरणावर लावतील, आणि मग माग काढायचं काम वाढेल.

सोल्डरवाला

बरंच उलगडलं. जीपीएस गेला, पिन सेल गेला, ८०० मीटरही गेले. दोन गोष्टी राहिल्या. चालू-बंद कसं करू? रीड स्विच आणि चुंबक डोक्यात होतं. आणि पुण्यात रेंज कशी तपासू?

घिसाडी

रीड स्विचच्या आत काचेची नळी आणि दोन पात्या. धक्क्याला वाजतो किंवा फुटतो. तंगुसाच्या फेऱ्याबरोबरच ०.१ मिमीची इनॅमलची तांब्याची तार फिरवा. तंगूस तुटला की तार तुटते, प्रोसेसरची पिन वर जाते आणि बीकन सुरू. पुल-अप (पिन वर खेचणारा रोधक) १० मेगाओमचा ठेवला तर वाट बघताना ०.३ मायक्रोअँपिअर जातो. नेम चुकून बाण झाडाला लागला तरी बीकन सुरू होईल, ते चालेल. उलट बाजू वाईट: तंगूस तुटला आणि तार नुसती ताणली गेली तर यंत्र मुकं. म्हणून तारेवर एका जागी ब्लेडने ओरखडा द्या, म्हणजे तुटेल ती तिथेच. ओलाव्याने तुटलेली टोकं जोडली जाऊ नयेत म्हणून त्यांना डबीपासून किमान ५ मिमी लांब ठेवा. रक्त मीठपाणीच आहे, वीज वाहतं.

लहरी

९०२ ते ९२८ हा पट्टा भारतात मोकळा नाही, त्यातला ९१५ पर्यंतचा भाग मोबाइलवाल्यांचाच आहे. ९१५ चा ट्रान्समीटर घेऊन टेकडीवर जाऊ नका. ८६५ ते ८६८ मोकळा आहे, पण तिथे सिग्नलची रुंदी २०० किलोहर्ट्झच्या आत हवी. म्हणजे लोरा १२५ किलोहर्ट्झवर चालवा. त्याने संवेदनशीलता ६ डीबी जास्त चांगली दिसेल, ती निकालातून वजा करा. ८६६ आणि ९१५ मधला मोकळ्या हवेतला फरक अर्धा डीबी, तो विसरलात तरी चालेल. अँटेना मात्र वेगळी कापा: ८६६ ला ८.७ सेंमीपासून सुरुवात. इपॉक्सी ओतल्यावर अनुनाद खाली सरकतो, म्हणून तार थोडी लांब ठेवून ओतल्यानंतर कापत या.

हरणाऐवजी २० लिटरचा प्लास्टिकचा कॅन, लिटरला ५ ग्रॅम मीठ. वाहकता स्नायूच्या जवळ येते. डबी कॅनच्या खाली, जमिनीला टेकवून ठेवा, बाजूला नाही. खऱ्या जनावरावर तपासणीचा विचारही नको, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. हुक कातडीत कसा धरतो हे बघायचं असेल तर खाटकाकडून कातडीसकट बोकडाची मांडी आणा. ती हवेत टांगून मारली तर झुलते आणि हुक खोटाच धरलेला दिसतो. मागे फोमचा ठोकळा लावा.

तीन काड्यांची यागी ९१५ साठी: मागची काडी १६.४ सेंमी, मधली १५.५, पुढची १४.६, दोन काड्यांत साडेसहा सेंमी. झाडीत परावर्तनामुळे एकेक वाचन दहा डीबीने इकडेतिकडे उड्या मारतं, म्हणून प्रत्येक दिशेला चार पॅकेटांची सरासरी घ्या. शेवटच्या तीस मीटरात सगळ्याच दिशांना जोरात वाजू लागेल. तेव्हा यागी काढून ठेवा, रिसीव्हर नुसता छातीशी धरा आणि जागच्या जागी गोल फिरा. ज्या क्षणी आवाज सगळ्यात बारीक होईल तेव्हा हरीण तुमच्या पाठीमागे आहे.

सोल्डरवाला

मधल्या काडीला कोॲक्स केबल थेट जोडू की बलून (केबल आणि काडी जुळवणारा भाग) लागेल?

लहरी

कोॲक्सवर काडीच्या अगदी जवळ तीन फेराइट मणी सरकवा. ते नसतील तर केबलच अँटेनासारखी वागते आणि पाठीमागच्या गप्प बाजूलाही सिग्नल दिसतो. मणी ९०० मेगाहर्ट्झला चालणाऱ्या मिश्रणाचे घ्या. वीजपुरवठ्याच्या केबलवरचे जाड काळे मणी इथे फारसे उपयोगी नाहीत.